वाटपाहूनये

राखणदाराने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. गोष्टीच्या या जागी तो ती नेहमीच काढत असे. समोर चौदा माणसं उभी होती. खाली त्यांच्या बसचं चाक पंक्चर झालं होतं, एवढ्याच कारणाने ती किल्ला बघायला आली होती. पण एकदा वर आल्यावर ती राखणदाराची माणसं होती.

"मग त्याने बायकोला पत्र लिहिलं," आवाज उतरवत तो म्हणाला. "अकरा वर्षांत एकच. आणि शेवटी तीन शब्द. वाट पाहू नये."

इथे तो मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचा. तेवढ्यात कोणीतरी डोळे पुसायचं, एखादी बायको नवऱ्याकडे बघायची आणि नवरा बुरुजाकडे. आज तीनपर्यंत मोजून झालं आणि मागून शिंक आली. तिच्या पाठोपाठ आणखी दोन आल्या. तिसरीला बुरुजावरची कबुतरं उडाली.

"माफ करा हं," शिंकणाऱ्या बाई रुमाल शोधत म्हणाल्या. "धुळीचं वावडं आहे मला. चालू द्या तुमचं. ते तीन शब्द तेच आहेत का, एवढंच बघायला आलेय मी."

माणसं हसली. राखणदाराने टोपी परत डोक्यावर चढवली. गोष्टीत मिठाचा खडा पडला होता, आणि उरलेलं त्याने बाजार आटोपल्यासारखं भराभर आटोपलं. खालून भोंगा वाजला तशी माणसं पायऱ्यांकडे पांगली. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या, कापडी पिशवी खांद्यावर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"दफ्तरखान्यातून आलेय," त्या म्हणाल्या. "पत्र मिळालं असेल तुम्हाला."

मिळालं होतं. दाराशी नवी शिळा बसवायची आहे, तिच्यावर किल्ल्याचा इतिहास कोरायचा आहे, मजकूर तपासायला लिपी वाचणारी व्यक्ती येईल, सहकार्य करावे. राखणदाराने ते पत्र चार वेळा वाचून खिशात ठेवलं होतं. एकोणतीस वर्षं जो इतिहास तो तोंडाने सांगत आला, तो आता दगडावर येणार होता. त्याला वाटलं होतं, व्यक्ती येईल, त्याची गोष्ट लिहून घेईल आणि जाईल. व्यक्ती शिंकत येईल असं काही पत्रात नव्हतं.

किल्ला सरहद्दीवरचा. म्हणजे कोणे एके काळी सरहद्दीवरचा. दोन डोंगर जिथे जवळ येतात आणि नदी वळसा घेते, तिथे एका राजाने तो बांधला. तीनदा हातचा गेला, तीनदा परत आला. मग दोन्ही राजांना शहाणपण सुचलं, तह झाला, आणि सरहद्द चाळीस कोस पुढे सरकली. किल्ल्याला काही सरकता आलं नाही. आत किल्लेदार होता आणि त्याची सोळा माणसं. त्यांना परत बोलावण्याचा हुकूम कुठल्यातरी फडताळात पडून राहिला असावा. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे तेव्हाही होतंच. सहा महिन्यांची अकरा वर्षं झाली. जिथे सरहद्दच नव्हती तिथे ही माणसं पहारा देत राहिली. काही मेली, काही एका सकाळी दिसेनाशी झाली, किल्लेदार राहिला. लढाई झालीच नाही. तट पाडला तो पावसाने आणि झाडांच्या मुळांनी. तोफगोळ्यांच्या खुणा शोधायला आलेली मंडळी हिरमुसली व्हायची, म्हणून गोष्टीचा सगळा भार राखणदाराने त्या तीन शब्दांवर टाकला होता.

खालच्या बसथांब्यावरचे टपरीवाले त्यालाच किल्लेदार म्हणायचे. थट्टेने म्हणायचे, पण त्याला ते आवडायचं. आवडण्याचं कारण तो कोणाला सांगत नसे. कारण असं, की त्याची बायकोही लांब शहरात राहत होती, आणि त्यानेही तिला बोलावलं नव्हतं.

दरवाजाशेजारच्या त्याच्या खोलीत बाईंनी टेबलावरची रजिस्टरं बाजूला केली, विचारलं नाही. पिशवीतून एक मोठा फोटो काढला, त्यावर भिंग ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"चहा?"

"बिनसाखरेचा. तुम्ही पाहिलंय का कधी मूळ पत्र?"

"पुस्तकात वाचलंय."

"पुस्तकातलं नाही विचारत. हे बघा. कागदाचा फोटो आहे, पहिल्यांदाच काढला त्यांनी. इतकी वर्षं सगळे नकलेवरच भागवत होते."

राखणदार वाकला. तपकिरी कागद होता, घड्यांवर विरलेला. वर एक लांब आडवी रेघ आणि तिला अक्षरं लटकवलेली, एकाला एक चिकटून. मध्ये कुठे श्वास घ्यायला जागा नाही.

"अशीच लिहायचे," बाई म्हणाल्या. "आधी रेघ ओढायची, मग अक्षरं सोडत जायची. शब्द तोडायचे नाहीत. तोडायचं काम वाचणाऱ्याचं. म्हणून तर आम्हाला पगार मिळतो."

त्यांनी बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. वाचताना त्यांचा आवाज बदलला, हळू आणि सपाट झाला.

"येथे सर्व कुशल. सतरा होतो ते सात उरलो. थंडी फार. तू मागे पुसलेस की येऊ काय, त्यास उत्तर उशिरा देतो, राग न धरावा. पूल पडला आहे. आणि मग हे."

बोट शेवटच्या अक्षरांवर थांबलं. राखणदाराला लिपी येत नव्हती, पण तो म्हणाला, "वाट पाहू नये."

"वाट पाहून ये."

त्याला वाटलं, बाईंनी त्याचंच वाक्य परत म्हटलं. मग त्याच्या कानाने ते पुन्हा ऐकलं.

"अक्षरं तीच," बाई म्हणाल्या. "वाटपाहूनये. न मागे जोडा नाहीतर पुढे. पुढे जोडलात तर, बाई, माझी वाट बघू नकोस. मागे जोडलात तर, पूल पडलाय, रस्ता नीट बघून ये."

चहाला उकळी आली होती. राखणदाराने तो उतू जाऊ दिला.

"असं कसं?" तो म्हणाला. "पुस्तकात छापलंय."

"छापलंय."

"मोठ्या अभ्यासकांनी लिहिलंय ते."

"लिहिलं त्यांनी, वाचून दिलं मी." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "सव्वीस वर्षांची होते. नवी नोकरी. साहेबांनी नक्कल दिली, म्हणाले, दुपारपर्यंत वाचून दे. त्या वयात वाट न पाहणं मला फार भारी वाटायचं. मला जे आवडलं तिथे मी जागा सोडली, आणि दुसरीकडे सुटू शकते हे डोक्यात सुद्धा आलं नाही."

"म्हणजे ध चा मा केलात."

"तो तरी कोणीतरी मुद्दाम केला होता म्हणतात. माझा नुसता हौसेने झाला."

राखणदाराला हसू आलं नाही. त्याने चहा गाळला, अर्धाच उरला होता, तो सगळा बाईंना दिला. मग टेबलाला दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"पण तुमचं आत्ताचं वाचन बरोबर कशावरून? दोन्ही होतं म्हणताय ना?"

"बरोबर बोललात. म्हणून तर मूळ कागद बघायचा होता." त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "बोरू दौतीत बुडवला की पहिलं अक्षर काळं उठतं. मग लिहीत जाल तशी शाई फिकट होते, परत बुडवला की परत काळं. नकलेत हे उतरत नाही, नक्कल करणाऱ्याचा बोरू त्याच्या हिशोबाने बुडतो. आता बघा. वाट. पाहू. मग न. कसा आहे तो न?"

"फिका."

"पार संपत आलेला. आणि त्याच्यापुढे ये?"

ये काळाभोर होता. इतका काळा की शाईचा एक थेंब खाली ओघळला होता.

"शब्दाच्या मध्यात कोणी बोरू बुडवत नाही," बाई म्हणाल्या. "शब्द संपला की बुडवतात. तो पाहून लिहून थांबला. दौतीकडे हात नेला. आणि मग ये लिहिलं. शिवाय सगळ्या पत्रात तिला तू म्हणतोय. तू पुसलेस. पुसलेस की येऊ काय. तिने विचारलं होतं हो, येऊ का म्हणून. त्याचंच उत्तर आहे हे."

राखणदाराने भिंग खाली ठेवलं. आपण या बाईंना चहा का दिला असं त्याला झालं.

"मग ती आली का नाही?" त्याने विचारलं. हा त्याचा शेवटचा मोर्चा होता.

"तिला कुठे वाचता येत होतं? गावच्या कारकुनाने वाचून दाखवलं असणार. माझाच कोणीतरी खापरपणजोबा. त्याने जागा सोडली माझ्यासारखीच, आणि गेला जेवायला." बाईंनी फोटोतल्या घड्यांवरून बोट फिरवलं. "गावाच्या यादीत सव्वीस वर्षं नोंद आहे तिची. किल्लेदाराची बायको, नवरा सरहद्दीवर, एकटी. दर वर्षी तेच. कागदाची ही घडी बघा, उघडून उघडून फाटलीये. वाचता येत नसताना."

बाहेर दोरीवर वाळत घातलेला राखणदाराचा एकुलता एक गणवेश वाऱ्याने भिंतीवर आपटत होता.

"राहू द्या ना, बाई," तो शेवटी म्हणाला. आवाज त्याला नको होता तितका मऊ निघाला. "इतकी वर्षं लोक ऐकतायत. रडतात लोक. दगडावर तेच कोरलं तर कोणाचं काय जाणार आहे?"

"तिचं गेलं की सगळं," बाई म्हणाल्या आणि फोटो पिशवीत घालू लागल्या.

बस तीनला होती. तोवर बाईंना बुरुजावर जायचं होतं. पूल कुठे होता ते बघायचं होतं म्हणे. राखणदार पुढे झाला. नदी आटलेली होती, वळणावर दगडी खांबाचं एक थोटूक उभं होतं. त्यापलीकडे रस्ता दोन डोंगरांच्या मधून गेला होता, मोकळा आणि सरळ. एक ट्रक सावकाश चालला होता. सरहद्द असल्याची कुठे काही खूण नव्हती.

"एकटेच राहता?" बाईंनी विचारलं.

"बायको शहरात असते. एकोणीस वर्षं झाली. इथे शाळा नव्हती, मुलगी दहाची झाली, मग गेल्या दोघी. आधी सुट्टीला यायच्या." तो कठड्यावरचं गवत उपटू लागला. "भांडण वगैरे नाही हं. भांडण असतं तर मिटवलं तरी असतं."

"मुलगी काय करते?"

"लग्न झालं सहा वर्षांपूर्वी. लांब असते."

"मग आता बायको तिथे कोणासाठी थांबलीये?"

टपरीवर कोणी असं विचारलं असतं तर राखणदाराने विषय बदलला असता. पण ही बाई जे दिसेल ते वाचणारी होती, आणि अजून तासभर तरी ती इथेच असणार होती.

"लग्न झाल्यावर फोनवर विचारलं होतं तिने," तो म्हणाला. "आता मी येऊ का तिकडे, म्हणून."

"आणि?"

"मी म्हटलं, तुझं तू बघ."

बाई त्याच्याकडे वळल्या.

"म्हणजे असं, की माझा जोर नाही," तो घाईने म्हणाला. "तिथे तिचं शिवणकाम आहे, मैत्रिणी आहेत, दवाखाना जवळ. इथे काय आहे? कबुतरं. उद्या म्हणायला नको, नवऱ्याने बोलावलं म्हणून यावं लागलं. तिला वाटलं तर ती येईलच ना. तिला कळायला नको?"

"हे सगळं बोललात तिला?"

"नाही. तुझं तू बघ, एवढंच."

बाईंनी बराच वेळ आटलेल्या नदीकडे बघितलं. "कागदाचं एक वेळ समजू शकते मी," त्या म्हणाल्या. "तोंडाने बोलताना तरी माणसाने जागा सोडावी हो."

मग त्यांना पुन्हा शिंका आल्या, चांगल्या पाच-सहा, आणि त्यातच त्या खाली उतरल्या. जाताना त्यांनी सांगितलं की मजकूर शुक्रवारी पाथरवटाकडे जाईल. वाट पाहून ये, असा. चूक त्यांची होती, पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या, आणि एवढी एक निस्तरून जायचं त्यांनी ठरवलं होतं. राखणदाराने मान हलवली. तीनची बस धूळ उडवत गेली तेव्हा तो दरवाजात उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याला बाईंचा राग आला होता आणि त्यांनी आणखी थोडं थांबावं असंही वाटत होतं.

चारला एक माणूस आला. औषधं विकत फिरणारा, बॅग खांद्याला, हातात किल्ल्यांचं ते जुनं पुस्तक. एकटाच होता, तरी राखणदाराने त्याला सगळा किल्ला दाखवला. दरवाजा, धान्याचं कोठार, पाण्याचं टाकं, तह, चाळीस कोस, फडताळातला हुकूम. त्या जागी पोचल्यावर हाताने सवयीने टोपी काढली.

"मग त्याने बायकोला पत्र लिहिलं," तो म्हणाला. "अकरा वर्षांत एकच. आणि शेवटी..."

त्याने घसा खाकरला. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"वाट पाहू नये," औषधवाल्याने पुस्तकातून मदत केली. "वाचलंय मी. काय माणूस होता!"

"नाही," राखणदार म्हणाला.

"म्हणजे?"

"त्याने तिला बोलावलं होतं."

औषधवाल्याने पुस्तकाचं पान उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला वेगळं काही असेल. "मग आली का ती?"

"नाही."

"का?"

राखणदाराकडे एकोणतीस वर्षांत प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. टाक्यात पाणी किती मावायचं, दरवाजाला खिळे किती, किल्लेदार कशाने मेला असावा, सगळं. आता बोरू, दौत, कारकून, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं आणि खोटं वाटून परत गेलं.

"तिला कळलंच नाही," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं तिला वाटत राहिलं, की नको म्हणाला."

औषधवाल्याचे डोळे वगैरे भरून आले नाहीत. त्याने फक्त पुस्तक बंद केलं आणि बॅगेत टाकलं. खाली जाताना तो दरवाजात थांबून फोन लावत होता. पण किल्ल्यावर रेंज फक्त पश्चिमेच्या तटावर येते, हे सांगायचं राखणदार विसरला.

स्वतः तो तिथेच गेला. दर रविवारी सकाळी दहा वाजता तो याच दगडावर उभा राहून फोन करायचा. पाणी आलं का, सिलिंडर कधी लावला, मुलीचा फोन होता का. सात-आठ मिनिटं. आज मंगळवार होता आणि ऊन कलायला लागलं होतं. त्याने नंबर लावला आणि पहिल्या घंटेला कापावा असं त्याला वाटलं. तेवढ्यात तिने उचलला.

"काय झालं?"

"काही नाही."

"आज मंगळवार आहे. पडलात का कुठे?"

"पडलो असतो तर फोन कसा केला असता?"

"दुसऱ्या कोणी केला असता. आवाज तुमचाच आहे, म्हणजे बरं असणार." मागे नळ चालू होता. "बोला."

"आपल्या किल्लेदाराचं पत्र आहे ना..."

"पाठ आहे हो मला. वाट पाहू नये. टोपी काढायची आणि पाच मोजायचे."

पाच मोजायचं त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला ते कधी कळलं, कसं कळलं, त्याला उमगेना. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा आपली बायको आपल्याकडे पुष्कळ जास्त बघत होती, एवढं मात्र त्याला कळलं, आणि एकदम रडू येईल की काय अशी भीती वाटली.

"ते तसं नाहीये," तो म्हणाला. "चुकलं होतं वाचायला."

मग त्याने सांगितलं. गोष्ट सांगायचा आवाज आज लागलाच नाही. न मागे जोडला, पुढे जोडला, त्यात दोनदा गोंधळला.

"म्हणजे बोलावलं होतं तिला," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि ती तिथेच बसली."

"सव्वीस वर्षं."

"बिचारी," ती म्हणाली. नळ बंद झाल्याचा आवाज आला. "आणि तोही."

तटाच्या फटीत वारा शिरून बारीक शीळ वाजत होती. राखणदाराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू मागे विचारलं होतंस," तो म्हणाला.

"काय?"

"मुलीच्या लग्नानंतर. येऊ का म्हणून."

तो फोन तुटला की काय म्हणून बघणार, तेवढ्यात ती म्हणाली, "विचारलं होतं."

"ये."

"तुम्ही म्हणालात, तुझं तू बघ."

"म्हणालो."

"मग बघितलं मी माझं मी. सहा वर्षं बघतेय."

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं." आणि तिने काही म्हणायच्या आत, दगडावरून खाली उतरावं तसं सांभाळून, पुन्हा म्हणाला, "ये."

"कशाला?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. कबुतरं होती. वाळलेलं गवत होतं. सांगण्यासारखं एकही कारण त्याला सापडलं नाही.

"मला करमत नाही," तो म्हणाला.

ती इतका वेळ गप्प होती, की त्याने एकेक आकडा न मोजण्याचा प्रयत्न करून पाहिला. मग तिचा आवाज आला, थोडा चिडका, रोजचाच.

"तेव्हा गुडघे बरे होते हो माझे. आता जिना उतरायचा तरी चार वेळा विचार करते. तुमच्या त्या पायऱ्या किती?"

"दोनशे बारा. तुला माहीत आहे."

"वाटलं, कमी झाल्या असतील." ती थांबली. "मध्ये टेकायला काही आहे का कुठे?"

"आहे," राखणदार म्हणाला.

नव्हतं. एकोणतीस वर्षांत ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. चढून आलेली माणसं धापा टाकत वर पोचायची आणि तो त्यांना लगेच दरवाजाचे खिळे मोजून दाखवायचा.

फोन ठेवून तो खोलीत गेला. खिडकीखालच्या बाकड्यावर रजिस्टरं, टॉर्च, पेपरांची रद्दी पडली होती. ती त्याने जमिनीवर उतरवली आणि बाकडं उचललं. दारातून ते सरळ निघेना, आडवं करावं लागलं. दोन वेळा टेकवत टेकवत त्याने ते पायऱ्यांच्या तोंडाशी आणलं आणि तिथेच ठेवलं. कुठे न्यायचं ते त्याला अजून माहीत नव्हतं.

मग तो रिकाम्या हाताने खाली गेला, पार बसथांब्यापर्यंत. टपरीवाल्याने विचारलं, काय किल्लेदार, आज इकडे कुठे? त्याने नुसता हात हलवला. वळला आणि चढायला लागला, नेहमीसारखं नाही, सावकाश, एका पायरीवर दोन्ही पाय आणत, कठड्याला हात लावत. मोजत. साठाला काही वाटलं नाही. सत्तरला उजवा गुडघा कुरकुरला. ऐंशीच्या पुढे एक पायरी रुंद होती आणि संध्याकाळचं ऊन तिथे तटाच्या आड जात होतं. तो त्र्याऐंशीव्या पायरीवर थांबला, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, आणि इथे ती नक्की थांबेल असं वाटल्यावर उरलेल्या पायऱ्या भराभर चढून बाकडं आणायला गेला.